ढोलीतली टिकटिक

१

शनिवारी सकाळी साडेसातला विद्यापीठाच्या रानातले सर्वांत म्हातारे झाड टिकटिक करत होते.

झाडाने कसे वागावे याबद्दल माणसांच्या काही अपेक्षा असतात. पाने ढाळावीत, मुंग्या पोसाव्यात, विद्यार्थ्यांनी सालीवर कोरलेली प्रेमप्रकरणे मुकाट्याने अंगावर वागवावीत. टिकटिक यात बसत नाही. छत्रीमावशींनी ढोलीपाशी कान नेला, मागे घेतला, मग दुसरा नेला. दोन्ही कानांचे एकमत झाले.

धुके झाडांच्या कमरेपर्यंत होते. वरचे रान जागे, खालचे अजून झोपेत. कुठेतरी एक पक्षी वाद्य लावणाऱ्यासारखा एकच स्वर पुन्हा पुन्हा तपासून पाहत होता.

"मावशी, हात घालू का आत?" भाचीने विचारले.

"घाल. झाडाला गुदगुल्या होत नाहीत."

छत्रीमावशींनी विद्यापीठाच्या 'हरवले-सापडले' खिडकीमागे एकोणतीस वर्षे काढली होती. तेवढ्या काळात छत्र्या, चष्मे, प्रबंध, एक कवळी आणि एकदा एक झोपलेले अधिव्याख्याते त्यांनी ज्याचे त्याला परत केले. छत्र्या सर्वांत जास्त, म्हणून हे नाव. निवृत्तीनंतर नाव तेवढे सोबत आले. भाची याच रानात झाडे मोजायची. प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर ठोकायचा, घेर लिहायचा आणि वर्ष संपले की आपली नेमणूक पुढच्या वर्षाला टिकते का याची वाट पाहायची. झाडांना असली काळजी नसते.

या रानात एक खेळ चाले. जिओकॅशिंग हे त्याचे दप्तरी नाव, पण सगळे पेटीशोध म्हणत. कोणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश आंतरजालावर टाकतो आणि इतर लोक मोबाइल हातात धरून काट्याकुट्यांतून तो शोधत जातात. डब्यातल्या वहीत तारीख आणि टोपणनाव लिहायचे. एक वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. ढोलीतली ही पेटी रानातली पहिली. सध्या तिची देखभाल भाचीकडे होती.

भाचीने डबा बाहेर काढला, तोच पायवाटेवर कोणी खाकरले. त्याबरोबर तिने डबा मागे सारला, खाली बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. रानाचे राखणदार जवळून गेले. त्यांनी दोघींकडे कुजका फणस पाहावा तसे पाहिले आणि धुक्यात दिसेनासे झाले.

"नाडी तर बांधलेलीच होती," मावशी म्हणाल्या.

"खेळाचा नियमच आहे. परका माणूस आला की पेटीकडे बघायचं नाही, नाडी बांधायची. एवढी सवय होते ना, मी बँकेतसुद्धा बांधते."

मग तिने झाकण उघडले. आत एक गोटी, एक बाहुलीचा हात, दोन बटणे, बाटलीची तीन झाकणे, आखूड पेन्सिल. आणि स्वच्छ रुमालाच्या चौकोनी घडीत एक बायकी मनगटी घड्याळ. टिकटिक त्याचीच.

वही नव्हती.

भाची मटकन मुळावर बसली. "मावशी, मंगळवारी अकराला समितीपुढे ती वही ठेवायची आहे मला. गुरुवारीच पत्र आलं."

हकिगत अशी, की ढोलीपासून पन्नास पावलांवर गव्हाणी घुबडांचे घरटे होते. विणीच्या हंगामात तेवढे रान कुंपण घालून चार महिने कुलूपबंद असे. या वर्षी अर्ध्या हंगामात घुबडे घरटे सोडून गेली, आणि कुंपणाच्या आत माणसाची पावले सापडली. पेटीवाल्यांनीच घुबडे पळवली, असे समितीचे मत झाले. समितीचे मत पुराव्याच्या आधी तयार असते, म्हणजे वेळ वाचतो.

"वहीत बंद महिन्यांतली नोंद नसली, तर मी सुटते. असली, तर कोण आलं होतं ते कळतं. पण वहीच नसली तर मीच गायब केली म्हणतील. पेट्याही बंद आणि मीही बंद."

मावशींनी रुमाल उलटून पाहिला, मोबाइलशी घड्याळ ताडून पाहिले. मोबाइलमध्ये सात चाळीस झाले होते. घड्याळात सात पन्नास.

"हरवलेल्या वस्तूवर धूळ असते," त्या हळूच म्हणाल्या. "टाकलेल्या वस्तूवर ओरखडे असतात. हे ठेवलेलं आहे. घडी बघ. आणि हे चावीचं घड्याळ आहे. एका चावीत फार तर दीड दिवस चालतं. म्हणजे गुरुवारी संध्याकाळनंतर कोणीतरी याला चावी दिली, इथे आणून ठेवलं आणि वही नेली."

"पण कुंपणाचं फाटक चार महिन्यांनी आज सकाळी उघडलं, मावशी," भाची म्हणाली. "काल, परवा रान बंदच होतं."

२

फाटकाच्या किल्ल्या दोन. एक राखणदारांकडे, दुसरी पक्षीशास्त्राच्या प्राध्यापकांकडे, ज्यांना सगळे पक्षीसर म्हणत.

राखणदारांची खोली फाटकाला चिकटून होती. कोपऱ्यात तीन पोती उभी होती. राखणदार झाडांशी अहोजाहो करत आणि माणसांशी शक्यतो बोलतच नसत.

"तुम्ही छत्रीवाल्या ना? माझी छत्री परत दिली होती तुम्ही."

"काळी. दांडीला सुतळी."

राखणदार विरघळले. चहा ठेवला. "बाई, हा खेळ नाही, हा रोग आहे. शिकलेसवरलेले लोक डबे पुरतात आणि शिकलेसवरलेले लोक ते उकरतात. मी डबा दिसला की उचलतो. ही बघा तीन पोती."

"सगळा डबा उचलता? आतलं एखादंच काही काढून घेत नाही?"

"आतलं बघतो कोण? कचरा तो कचरा."

"ती पावलं तुम्ही पाहिली होती?"

"दोन महिने झाले. ओल्या मातीत, ढोलीच्या झाडापर्यंत आणि परत. सपाट तळ. नक्षी नाही, खाचा नाहीत, इस्त्रीने दाबल्यासारखी. या पेटीवाल्यांचे बूट ट्रॅक्टरच्या टायरसारखे असतात. तेव्हाच मनात आलं, हा कोण साहेब?"

"समितीला सांगितलं?"

"समितीने विचारलं, पावलं माणसाची की जनावराची? मी म्हटलं माणसाची. पुढचं त्यांनी विचारलं नाही."

मावशी त्यांना घेऊन ढोलीपर्यंत चालत गेल्या. राखणदारांनी सरळ ढोलीत नजर घातली आणि मान हलवली. "दोनशे वर्षांचे आजोबा, आणि यांच्या पोटात डबा. यांच्या पोटात हात घालवत नाही, म्हणून हा तेवढा राहिला."

ऊन आता पानांतून गाळून खाली येत होते. बाकीचे रान आपल्यापुरते काहीतरी आठवत असल्यासारखे गप्प होते.

"एक सांगतो," राखणदार आवाज खाली आणून म्हणाले, "काल दुपारी बाराला मी एक माणूस कुंपणावरून बाहेर उडी मारताना पाहिला. पळत होता. तोंड पांढरंफटक. आपले दातवाले डॉक्टर हो. हजारी."

३

हजारी हे दंतवैद्याचे खेळातले नाव. हजार पेट्या सापडल्याबद्दल जालावर त्यांच्या नावापुढे सोनेरी चांदणी होती. दवाखान्यात रुग्ण तोंड उघडे ठेवून निजत आणि डॉक्टर त्याला एकेक पेटी कशी सापडली ते सांगत. कोणी मधे बोलू शकत नसे. डॉक्टरांच्या आयुष्यातला हाच मोठा आनंद.

मावशी खुर्चीत निजल्या, पण तोंड उघडेना.

"आधी मी बोलणार," त्या म्हणाल्या. "काल बारा वाजता कुंपणावरून उडी का मारली?"

हजारींच्या हातातला आरसा खाली आला. ते चाकांच्या स्टुलावर बसले आणि बसल्या बसल्या भिंतीपर्यंत मागे गेले.

"मावशी, माझी चांदणी जाईल."

"मी दात काढायला आले आहे, चांदणी नाही."

"ती ढोलीची पेटी मला सापडलीच नव्हती हो. जालावर मी 'सापडली' म्हणून टाकलं. हजार भरायला एकच कमी होती. आता समिती वही उघडणार, त्यात माझं नाव नाही. म्हणून म्हटलं, आत जावं, मागची एखादी रिकामी जागा बघून लिहून टाकावं. ढोलीत हात घातला आणि आतून टिक, टिक, टिक! मी दातांचा डॉक्टर आहे, मावशी. टिकटिकणाऱ्या वस्तूंचा नाही. पळालो."

"डबा उघडला नाहीत?"

"हातसुद्धा लागला नाही त्याला."

मावशींनी त्यांच्याकडे टक लावून पाहिले. हा माणूस पेटीतून गोटी घेतो आणि बाटलीचे झाकण ठेवतो, हे भाचीने सांगितले होते. घड्याळ ठेवणाऱ्यांतले हे नव्हेत. घड्याळ दिसले असते तर त्याच्या जागी चौथे झाकण आले असते.

"त्या वहीत विशेष काय होतं?"

हजारींचा चेहरा उजळला. आता विषय त्यांचा होता. "पहिलं नाव म्हणे पाठमोरीचं! या रानातली प्रत्येक पेटी आधी तिला सापडली. मी पहाटे गेलो तरी तिची सही माझ्या आधी. मजकूर असा लिहायची की वाचून हसू यावं आणि घरी गेल्यावर जरा वाईट वाटावं. पण तिला कोणी पाहिलं नाही कधी. नाडी बांधताना पाठ तेवढी दिसली म्हणतात. दीड वर्ष झालं, कुठेच सही नाही."

"का?"

"कोण जाणे. आ करा."

मावशींनी आ केला. डॉक्टर पेटी क्रमांक चारशे बाराची गोष्ट सांगू लागले आणि मावशींच्या डोळ्यांपुढे मात्र एक पाठ दिसत राहिली, धुक्यात वाकलेली, चेहरा नसलेली.

४

रविवारी सकाळी मावशी पक्षीसरांकडे गेल्या.

सरांच्या बैठकीच्या खोलीत सोफ्यापेक्षा भिंतीला महत्त्व होते. चारही भिंतींवर पक्ष्यांचे फोटो होते, प्रत्येक पिसाची कड मोजता यावी इतके रेखीव. या सगळ्यांत मधोमध एक बिघडलेला फोटो. घुबड स्पष्ट होते, पण खालच्या कोपऱ्यात कोणा बाईची वाकलेली निळी पाठ मधे आली होती.

"हा बिघडलाय," मावशी म्हणाल्या.

"हो. बिघडलेला आहे."

"फ्रेम मात्र सगळ्यांत चांगली त्यालाच."

सर खिडकीबाहेर पाहू लागले. खिडकीबाहेर पक्षी नव्हता.

"पेट्यांबद्दल विचारायला आले होते, सर."

"पेट्या? मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. कुलूपबंदीचा नियम माझा. घरट्याच्या पन्नास पावलांत कोणीही माणूस नको, कोणत्याही कारणाने नको. समितीने शब्दन् शब्द मान्य केला. माझ्या आयुष्यातला हा एकच कागद कोणी न वाचता नाकारला नाही."

"वाचून मान्य केला?"

"तसं नाही म्हणता येणार."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वीस झाले होते. मावशींनी मोबाइल पाहिला. दहा दहा.

"तुमचं पुढे आहे."

"आमच्या घरात दहा मिनिटं पुढेच असतं. सवय आहे." सर थांबले. "माझी नाही. मी मूळचा उशिरा पोचणारा माणूस. घरात घड्याळं पुढे करून ठेवली म्हणून निदान समितीच्या बैठकांना वेळेवर पोचतो असं हिचं... असं म्हणणं असे."

सरांच्या पत्नी वारल्या त्याला दीड वर्ष झाले होते.

"सर, घुबडांचं रिकामं घरटं दाखवाल? भाचीच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. मला निदान जागा तरी बघू द्या."

सर उठले. दाराशी तपकिरी, नुसते पाय सरकवायचे बूट होते. शेजारी बूट चढवायचे हातभर लांब दांड्याचे शूहॉर्न. "गुडघे," सर म्हणाले. "वाकणं बंद आहे." आणि उभ्याउभ्याच बुटांत शिरले.

रानात धुके उतरणीला लागले होते. सर वाटेने प्रत्येक आवाजाला नाव देत चालले. मावशींनी विचारले नव्हते, पण नाव कळल्यावर आवाज जास्त एकटा वाटू लागतो, हे त्यांना प्रथमच जाणवले. ढोलीच्या झाडापाशी आले, आणि समोरून राखणदार आले. मावशींनी त्यांना सव्वाअकराला इथून जायला सांगून ठेवले होते, ही गोष्ट वेगळी.

सर बोलता बोलता थांबले. हातांनी गुडघ्यांना आधार देत, कण्हत खाली वाकले आणि पायापाशी बोटे हलवत राहिले. राखणदार नमस्कार करून निघून गेले. मग सर तसेच कण्हत उठले आणि म्हणाले, "तर घरटं त्या बाजूला."

मावशींनी घरटे पाहिले. रिकामे होते. त्यांनी ते फार वेळ पाहिले नाही.

घरी भाची दारातच उभी होती. "काही कळलं?"

"वही कुणाकडे आहे ते कळलं," मावशी म्हणाल्या. "आता ती नेली का, तेवढं राहिलं."

५

सोमवारी दुपारी त्यांनी सरांच्या टेबलावर रुमाल उलगडला. घड्याळ चालू होते. आदल्या रात्री मावशींनी त्याला चावी दिली होती.

सरांनी घड्याळाकडे पाहिले आणि लगेच त्या बिघडलेल्या फोटोकडे.

"चोराने वही नेली आणि बदल्यात वस्तू ठेवली," मावशी म्हणाल्या. "चोरी करतानासुद्धा खेळाचा नियम मोडला नाही. राखणदार नव्हेत, त्यांना नियम माहीत नाही आणि ते डबाच उचलतात. हजारी नव्हेत, ते झाकणं ठेवतात. तिसरा कोणी हवा, ज्याला खेळ ठाऊक आहे आणि तो ठाऊक नाही म्हणतो. फाटकाची किल्ली आहे. बुटांचे तळ सपाट आहेत. घरातली घड्याळं दहा मिनिटं पुढे आहेत."

"सपाट बूट पुष्कळांकडे असतात."

"असतात. पण सर, काल राखणदार आले तेव्हा तुम्ही एवढे दुखरे गुडघे वाकवून काय बांधत होता?"

सरांनी खाली पाहिले. तपकिरी बुटांना नाडी नव्हती. कधीच नव्हती.

मग सरांचे खांदे हलू लागले. मावशींना वाटले रडताहेत. सर हसत होते. मग मावशींना वाटले हसताहेत, तर तेही तितकेसे खरे राहिले नाही.

"घड्याळ हिचंच. हीच पाठमोरी," सर म्हणाले. "ती गेल्यावर कपाटात आकड्यांचा कागद सापडला. मला वाटलं घुबडांच्या जागा, माझ्यासाठी लिहून ठेवल्या असतील. गेलो तर डबा. दुसरीकडे गेलो, तर डबा. प्रत्येकात तिचं अक्षर. बत्तीस वर्षं संसार केला, एवढी बोलकी बाई मी कधी पाहिली नव्हती. एकेक पेटी पुरवून पुरवून उघडली. शेवटची उरली ती ढोलीतली, आणि ती माझ्याच कुलपाआड. चार महिने थांबायचं होतं. दोन थांबलो."

त्यांनी खणातून वही काढली. पुठ्ठा फुगलेला, कोपरे मऊ. खुणेचे पान उघडून मावशींपुढे ठेवले.

पेन्सिलीचे अक्षर बारीक आणि हसरे होते. 'आज पकडलीच जाणार होते. वही हातात, आणि एक गृहस्थ दुर्बीण-कॅमेरा घेऊन हजर. मी वाकून नाडी बांधू लागले. गृहस्थ म्हणाले, बाई, जरा बाजूला होता का, घुबड दिसत नाही. झाले. गृहस्थ निघून गेले. गृहस्थ म्हणजे आमचेच. — पाठमोरी.'

"तारीख त्या फोटोशी जुळते," सर म्हणाले. "चार पावलांवर होती. मी घुबड पाहिलं."

मावशींनी वही फिरवून सरांच्या बाजूला सरकवली. एकोणतीस वर्षांत त्यांनी पुष्कळ माणसांना पुष्कळ वस्तू परत दिल्या होत्या. अशा वेळी बोलायचे नसते.

"माझी नोंद आहे तिच्याखाली. बंद महिन्यातली. त्याची लाज आहेच. पण समिती हे पान वाचणार. मोठ्याने. मग वही फायलीत लावणार. फायलीत गेलेलं काही परत आलेलं पाहिलंत कधी?"

"नाही," मावशींनी कबूल केले. "आमच्या खिडकीवर सगळं यायचं. फाईल कधी आली नाही."

त्या उठल्या. घड्याळ तिथेच राहू दिले. "ठेवलेली वस्तू परत घेतली, तर घेतलेली परत ठेवायची, असाही नियम आहे म्हणे. माझी भाची आठ हजार चारशे झाडं मोजून झाली आहे, सर. उद्या अकराला."

घरी आल्यावर भाचीने कपाळावर हात मारला. "वही समोर होती आणि तू तशीच आलीस? मावशी, माझी नोकरी आहे ती!"

"हिसकून आणली असती तर ती वही चोरीची ठरली असती, आणि बोट पुन्हा तुझ्याकडेच वळलं असतं. माणसाने आपणहून खिडकीपाशी यावं लागतं."

"आणि नाही आला तर?"

मावशी चहा ठेवायला वळल्या. काही माणसे खिडकीपाशी आलीच नव्हती. दुसरी एक कवळी अजून तशीच पडून होती.

६

समितीचे दालन उंच, जुन्या छताचे होते. गेल्या तीन बैठकांत छतातून फसफस आवाज येत होता. पंख्याचा दोष म्हणून वीजतंत्र्याने दोनदा पंखा बदलला. आवाज नवीन पंख्यालाही लागू पडला.

दहा पन्नासला सरांची खुर्ची रिकामी होती. गेल्या कित्येक वर्षांत असे झाले नव्हते. अकरा वाजले. अध्यक्ष मूळचे संख्याशास्त्राचे. त्यांनी उपस्थित मोजले आणि चष्मा पुसला.

"झाडमोजणी सहायक, वही सादर करा."

भाची उभी राहिली. तिने रिकामे हात टेबलावर टेकले. मावशी मागच्या बाकावर दाराकडे पाहत होत्या.

अकरा सातला दार उघडले. सर आत आले. पायात नवेकोरे, काळे, नाडीचे बूट होते. एक फास मोठा, एक लहान.

"उशीर झाला," सर म्हणाले. "बांधायला वेळ लागला."

त्यांनी वही टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही. "वही मी नेली होती. बंद महिन्यात आत जाणाराही मीच. नोंद माझी आहे. या मुलीचा काही संबंध नाही. कारण विचाराल, तर ते या पानावर आहे, आणि ते मी स्वतः वाचणार आहे."

त्यांनी वाचले. 'बाई, जरा बाजूला होता का' हे वाक्यही त्यांनी गाळले नाही. समितीतले काही हसले आणि मग कोणीच हसले नाही. साक्षीला बोलावलेले राखणदार खिडकीतून बाहेरच्या झाडाकडे पाहू लागले.

"सर, हे सगळं ठीक आहे," अध्यक्ष घसा साफ करत म्हणाले, "पण घुबडं गेली ती गेलीच. जबाबदारी निश्चित करावी लागेल. तुमची चौकशी, पेट्यांवर बंदी, आणि पेटीची देखभाल यांच्याकडे असल्यामुळे यांची नेमणूकही..."

छतातून फसफस आवाज आला.

"तो पंखा बंद करा रे," अध्यक्ष म्हणाले.

"बंदच आहे," वीजतंत्री दारातून म्हणाला.

"गप्प बसा," सर म्हणाले. अध्यक्षांना असे कोणी कधी म्हटले नव्हते, त्यामुळे ते बसले. सरांनी मान वर केली, डोळे मिटले. दालनात एवढी शांतता झाली की लोकांना आपापले घड्याळ ऐकू येऊ लागले. वरून पुन्हा लांब, घोरल्यासारखी फसफस आली. मग दुसरी. मग दोन एकदम.

"पिल्लं," सर कुजबुजले. "गव्हाणी घुबडाची. चार आहेत. भूक लागली की अशीच मागतात. आवाजावरून पाच आठवड्यांची. त्याआधी महिनाभर अंडी. म्हणजे मी ढोलीपाशी गेलो, त्याच्या आधीच जोडी इथे येऊन राहिली होती." त्यांनी डोळे उघडले. "तीन बैठका मी याच खुर्चीत बसलो होतो. डोक्यावर होती. आणि मला ऐकू आलं नाही."

भाचीने खिडकीच्या कठड्यावरून काहीतरी उचलले. करड्या लोकरीची गोळी, आत उंदराची नाजूक हाडे. घुबड असल्या गोळ्या ओकून टाकते. झाडलोट करणाऱ्या बाई महिनाभर त्या उचलून फेकत होत्या. त्यांना समितीने विचारले नव्हते.

"मग तर उत्तम झालं," अध्यक्ष सावरून बसले. "घुबडं आहेत. आता ठराव..."

"ठराव करता येणार नाही," मावशी मागून म्हणाल्या. "नियम आहे. घरट्याच्या पन्नास पावलांत कोणीही माणूस नको, कोणत्याही कारणाने नको. समितीने शब्दन् शब्द मान्य केलेला."

अध्यक्षांनी छताकडे पाहिले आणि मनातल्या मनात अंतर काढले. ते संख्याशास्त्राचे असल्यामुळे त्यांना लपवता येईना. पन्नास पावलांत समिती होती, अध्यक्षांची खुर्ची होती, आणि फायलींचे कपाटही होते.

पिल्ले उडेपर्यंत दालनाला कुलूप लागले. समितीला बसायला दुसरी जागा शोधण्यासाठी समिती नेमावी लागली असती, आणि ती नेमायला बसायला जागा नव्हती. मुदतीत निर्णय झाला नाही तर आधीची नेमणूक पुढे चालू, असे कुठल्याशा कलमात होते. ते कोणी वाचले नव्हते, पण मान्य केले होते. वही फायलीत गेली नाही, कारण फाईल कपाटात होती. कुलपाची किल्ली राखणदारांनी घेतली आणि त्या दिवशी प्रथमच ते एका माणसाकडे पाहून हसले. भाचीकडे.

पुढच्या रविवारी सर, मावशी आणि भाची ढोलीपाशी गेले. घड्याळ सरांच्या खिशात टिकटिकत होते. ऊन धुक्यातून इतके हळू उतरत होते, की त्याला कोणाची झोप मोडायची नसावी. सरांनी वही डब्यात ठेवण्याआधी आखूड पेन्सिल घेऊन काहीतरी लिहिले. तेवढ्यात पायवाटेवर खाकरणे ऐकू आले. झाडामागून दंतवैद्यही उपटले, ही पेटी या खेपेला खरोखर शोधत. चौघेही एकदम खाली वाकले.

राखणदार थांबले. चार पाठींकडे पाहत राहिले.

"या रानात," ते झाडाला उद्देशून म्हणाले, "एवढ्या नाड्या एकदम कशा सुटतात, आजोबा?" आणि मुद्दाम दुसरीकडे तोंड करून चालते झाले.

सापडलेल्या वस्तूवरचा मजकूर वाचायचा नाही, हे मावशींनी एकोणतीस वर्षे पाळले होते. पण आता त्या निवृत्त होत्या. सर गुडघे धरून उठेपर्यंत त्यांनी वहीत डोकावून घेतले. पाठमोरीच्या नोंदीखाली, सरांच्या जुन्या नोंदीच्या शेजारी एकच नवी ओळ होती:

'बाई, बाजूला होऊ नका. घुबड नंतर बघू.'